डिलीट दाबूनही बायोस उघडत नाही, आणि विंडोज ११ला टीपीएम व सिक्युअर बूट हवंय

कियोस्कताई, राजेंद्रनगर, इंदूर

दुकानातल्या पीसीच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी मदरबोर्डाची सेटिंग) जायचंय, पण शिरताच येत नाहीये. सगळी माहिती आधीच देते, म्हणजे कुणाला उलट विचारत बसावं लागणार नाही.

मदरबोर्ड गिगाबाइट बी४५०एम डीएस३एच. प्रोसेसर रायझन ५ ३६००. रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या. पट्टीवर ३२०० छापलंय, टास्क मॅनेजर मात्र २४०० दाखवतो. ग्राफिक्स कार्ड जीटी ६१०, जुन्या पीसीतून काढून लावलेलं. २४० जीबीची एकच एसएसडी, तिच्यावर सी आणि डी. विंडोज १० होम. कीबोर्ड यूएसबीचा, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात. मॉनिटर एचडीएमआयवर.

पीसी चालू करून डिलीट दाबत राहिलं तरी थेट विंडोज येतं. बोर्डाचा लोगोसुद्धा दिसत नाही. मॉनिटर जागा होईपर्यंत विंडोजचे ठिपके गोल फिरायला लागलेले असतात. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं, ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ ही पाटीच नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘शटडाऊन /आर /एफडब्ल्यू /टी ०’ दिलं तर २०३ नंबरची एरर येते.

शिवाय घड्याळ. रात्री दुकान वाढवताना भिंतीवरचं बटण बंद करते. सकाळी तारीख मागे गेलेली असते, आणि मग फॉर्म भरायच्या साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाहीत.

विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक म्हणतं सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी चिप) पण नाही. एका दुकानात विचारलं तर ‘फॉरमॅट करावंच लागेल’ एवढंच उत्तर मिळालं. डीमध्ये गिऱ्हाइकांची स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत, फॉरमॅट नकोय. आणि जमलं तर लाइट आली की पीसी आपोआप चालू व्हावा, असंही काही करता येतं का?

स्क्रूड्रायव्हर

ताई, फॉरमॅट लागणार नाही. आधी आत शिरण्याचं बघू.

कीबोर्ड पुढच्या पोर्टातून काढून मागे, मदरबोर्डाच्या पोर्टांमध्ये लावा. तिथे काळ्या रंगाचे यूएसबी २.० पोर्ट असतात, त्यातला घ्या. निळा नको, हब तर नकोच. पुढचा पोर्ट वायरीने बोर्डाला जोडलेला असतो आणि सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत तो उशिरा जागा होतो. बिनवायरचा कीबोर्ड असेल तर डोंगलवाला बहुतेक वेळा चालतो, ब्लूटूथवाला नाही, कारण ब्लूटूथ विंडोज आल्यावरच जुळतं.

दुसरं, लोगोची वाट बघू नका. एचडीएमआयवरचा मॉनिटर सिग्नल ओळखायला तीन-चार सेकंद घेतो, तोवर बोर्डाची वेळ संपलेली असते. पीसी रीस्टार्ट करा, पडदा काळा झाला की लगेच डिलीट टकटक दाबायला लागा, सेकंदाला दोनदा-तीनदा. दाबून धरू नका, काही बोर्ड ते बटण अडकलंय असं समजतात. शटडाऊन करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट बरा.

एवढं करूनही विंडोजच आलं तर हमखास उपाय: भिंतीवरचं बटण बंद करून एसएसडीची साटा केबल काढा आणि पीसी चालू करा. चालू करायला डिस्कच नसल्यावर बोर्ड एकतर स्वतःहून बायोसमध्ये जाऊन थांबतो, नाहीतर ‘बूट डिव्हाइस निवडा’ असं लिहून थांबतो. तिथून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आणि लगेच डिलीट. तोवर मॉनिटर जागा झालेला असतो, त्यामुळे लोगोही दिसेल. काम झालं की पीसी बंद करून केबल परत लावायची.

आत गेल्यावर बोर्ड ‘ईझी मोड’ दाखवत असेल तर एफ२ने ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाता. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं तर बोर्डच पडद्याचं चित्र त्यावर उतरवतो. फोटोतली चमक नको असेल तर ते उत्तम. बदल ठेवायचा तर एफ१०, नको असेल तर एस्केप आणि ‘सेव्ह न करता बाहेर’.

एफ१० दाबण्याआधी बोर्ड काय काय बदललं त्याची यादी दाखवतो. ती वाचा. आपण न बदललेलं काही त्यात दिसलं तर मागे फिरा.

रामबागकर

स्क्रूड्रायव्हर यांनी शिरायची वाट सांगितली, आता कशाला हात लावायचा नाही ते आधी सांगतो. सीएसएम. बऱ्याच व्हिडिओंत पहिलीच पायरी ‘सीएसएम डिसेबल करा’ अशी असते. ताईंच्या पीसीवर आज ते केलं तर दोन ठिकाणी अडेल.

पाटी नसणं आणि २०३ची एरर या दोन्हींचा अर्थ बहुधा एकच: तुमचं विंडोज जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने चालू होतंय. खात्री करायला विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा (ही आणि पुढच्या सगळ्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या). उजवीकडे ‘बायोस मोड’ समोर ‘लेगसी’ दिसेल.

सीएसएम म्हणजे नव्या यूईएफआय बोर्डाने जुन्या बायोससारखं वागण्याची सोय. तिच्यावर तुमच्याकडे दोन गोष्टी टेकलेल्या आहेत. एक, डिस्क: लेगसी विंडोजची डिस्क एमबीआर पद्धतीने आखलेली असते, यूईएफआयला जीपीटी लागते. आखणी न बदलता सीएसएम बंद केलं की बोर्डाला चालू करण्याजोगं काही सापडत नाही आणि तो परत परत बायोसमध्येच येतो. ‘विंडोज उडालं’ असं वाटून लोक इथेच फॉरमॅट करून बसतात. काहीही उडालेलं नसतं, सीएसएम परत चालू केलं की विंडोज जागच्या जागी.

दोन, ग्राफिक्स कार्ड, आणि ही अडचण जास्त त्रासाची. सीएसएम बंद असताना पडद्यावर चित्र यायचं तर कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये यूईएफआयची सोय लागते. तिला जीओपी म्हणतात. जीटी ६१० जुन्या फर्मी पिढीचं आहे, त्या कार्डांत ती सहसा नसते. मग काही बोर्ड आपणहून सीएसएम परत चालू करतात, काही नुसते बीप देऊन काळे राहतात. आणि रायझन ५ ३६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डवरच्या एचडीएमआयला केबल लावूनही काही दिसणार नाही.

म्हणून आज फक्त तीन गोष्टी पाहा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘बायोस व्हर्शन’च्या ओळीच्या टोकाला ‘यूईएफआय’ची चौकट असते, तिथे खूण आहे का बघा. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून डिस्क ०वर किती भाग आहेत ते मोजा. तिसरं, कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून हे द्या:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाऊफुलओएस

व्हॅलिडेट फक्त तपासतं, डिस्कला हात लावत नाही. मधला दोन हा आकडाच आहे, आणि नाव सगळं जोडून लिहायचं. काय येतं ते इथे टाका.

कियोस्कताई

कीबोर्ड मागच्या काळ्या पोर्टात लावला आणि दुसऱ्याच रीस्टार्टला बायोस उघडलं. काही बदललं नाही, फोटो काढून बाहेर आले.

एमएसइन्फो३२: बायोस मोड लेगसी, बायोसची तारीख २०१९ची. जीपीयू-झेड: यूईएफआयच्या चौकटीत खूण नाही. डिस्क ०वर चार भाग: सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि शेवटी साधारण ५०० एमबीचा रिकव्हरी. चारही गडद निळे. व्हॅलिडेट ‘फेल्ड’ म्हणतंय.

मीटरवाला

घड्याळाचं मी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. भिंतीवरचं बटण चालू असतं तेव्हा पीसी बंद असला तरी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो, घड्याळ त्यावर चालतं आणि सेल जवळपास खर्चच होत नाही. रोज रात्री बटण बंद केलं की दहा-बारा तास सगळा भार सेलवर. म्हणून दुकानातल्या पीसीचा सेल घरच्यापेक्षा आधी संपतो. बटण बंद करू नका असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात विजा होतात तेव्हा बंद केलेलंच बरं. सेल बदला, प्रश्न मिटला.

नवा सेल मीटरवर ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. २.७च्या खाली गेला की बदलायचा. दुकानात सीआर२०३२च मागा. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ त्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटरचा, तो खोबणीत बसतो, घट्ट धरला जात नाही, आणि पीसीला धक्का लागला की घड्याळ पुन्हा मागे. कडेवर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचून घ्या.

बदलताना भिंतीवरचं बटण बंद, एसएमपीएसची केबल मागून काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. सेल बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. कार्ड काढायचं तर आधी पट्टीचा स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची कुंडी दाबून कार्ड सरळ वर. सेलच्या खोबणीला एका बाजूला पितळी रंगाची छोटी जीभ असते. ती बोटाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने सेलपासून दूर ढकलली की सेल स्वतः उसळून वर येतो. खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, खोबणीच तुटते. नवा बसवताना अधिक चिन्ह वर.

आणि एक गोष्ट, रामबागकरांनाही उपयोगी. सेल संपलाय म्हणजे बोर्ड रोजच डीफॉल्ट सेटिंगवर येत असणार; रॅम २४००वर का, त्याचंही कारण बहुधा हेच. तरीही लेगसी विंडोज रोज चालू होतंय. म्हणजे २०१९च्या या बायोसमध्ये सीएसएमचं डीफॉल्ट ‘चालू’ असं आहे. सेल काढल्यावर पडदा काळा होण्याची भीती आज नाही.

रामबागकर

मीटरवाल्यांचं बरोबर आहे, आणि त्यातूनच पुढचा क्रम ठरतो.

व्हॅलिडेट का नापास झालं: एमबीआर डिस्कवर जास्तीत जास्त चार प्रायमरी भाग बसतात. बदलताना एमबीआर२जीपीटीला ईएफआयसाठी एक नवा भाग पाडायचा असतो, म्हणून आधीचे तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. तुमचे चार आहेत. (वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: डी, ई, एफ असे भाग हिरव्या चौकटीत फिक्या निळ्या रंगात दिसत असतील तर ते एक्स्टेंडेड-लॉजिकल आहेत, आणि तेही या आज्ञेला अजिबात चालत नाहीत. असेंबल केलेल्या पीसीवर असे तुकडे पाडून देण्याची पद्धत आपल्याकडे फार होती.)

मग करायचं असं. डीमधली सगळी कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी झाली म्हणून थांबू नका. दोन्हीकडे फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइटचा आकडा जुळवा, आणि पाच-सहा स्कॅन दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. गिऱ्हाइकांचे कागद आहेत, इथे घाई नको. त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी ‘डिलीट व्हॉल्यूम’. रिकव्हरीला हात नाही, सिस्टम रिझर्व्ह्डला तर नाहीच. परत व्हॅलिडेट चालवा. तीन भाग राहिले की ते पास व्हायला हवं.

पण कन्व्हर्ट, म्हणजे डिस्क एमबीआरची जीपीटी करणं, इतक्यात नको. आधी कार्ड. कन्व्हर्ट झाल्यावर विंडोज लेगसीत चालू होत नाही, म्हणजे त्याच बसणीत सीएसएम बंद करावं लागतं, आणि तेव्हा जीटी ६१० असेल तर पडदा काळा होऊ शकतो. तुमच्या कामाला जीटी १०३० पुरे आहे; ३० वॉटचं, वेगळी वीजवायर लागत नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये सेकंडहँड घेत असाल तर दुकानदाराच्या मशीनवर जीपीयू-झेड लावून यूईएफआयची खूण डोळ्यांनी पाहून घ्या, मगच पैसे द्या.

नवं कार्ड आत्ताच्या लेगसी विंडोजमध्येच लावून एक दिवस वापरा. नीट चाललं की:

एमबीआर२जीपीटी /कन्व्हर्ट /डिस्क:० /अलाऊफुलओएस

मिनिटभरात होतं. शेवटी ‘रीएजंट.एक्सएमएल’ अपडेट झालं नाही अशी ओळ आली तर घाबरू नका, ती फक्त रिकव्हरीची नोंद आहे. सगळं स्थिरावल्यावर ‘रीएजंटसी /डिसेबल’ आणि मग ‘रीएजंटसी /एनेबल’ चालवा. आता रीस्टार्ट, डिलीट, बायोस, बूट, ‘सीएसएम सपोर्ट’ डिसेबल, एफ१०. परत आत जाऊन बूट क्रमात पहिलं ‘विंडोज बूट मॅनेजर’ आहे ना ते पाहा. विंडोज आलं की एमएसइन्फो३२मध्ये बायोस मोड ‘यूईएफआय’. मग मोकळ्या जागेत डी परत पाडा, तेच अक्षर द्या, कागदपत्रं परत आणा.

सिक्युअर बूट आणि टीपीएम या सगळ्यानंतर. एका वेळी एक बदल, प्रत्येकानंतर एकदा विंडोजपर्यंत जाऊन यायचं. चार एकदम बदलले आणि पडदा काळा झाला तर कशामुळे ते कळत नाही.

स्क्रूड्रायव्हर

बायोस अपडेट यात कुठे? मी तर पहिल्यांदा अपडेट करा म्हटलं असतं. २०१९च्या बायोसवर एफटीपीएम (प्रोसेसरमध्येच असलेलं टीपीएम) चालू केलं तर मधेमधे मशीन क्षणभर अडखळतं; एएमडीनेच २०२२मध्ये ते मान्य करून एजेसा, म्हणजे बायोसच्या आतला एएमडीचा कोड, त्याच्या १.२.०.७ आवृत्तीत दुरुस्त केलं.

रामबागकर

अपडेट लागेल, तुमचं म्हणणं मान्य. पण पहिल्यांदा नाही. अपडेट झालं की सगळी सेटिंग डीफॉल्टवर येतात, आणि विंडोज ११ आल्यापासूनच्या बायोसांमध्ये सीएसएमचं डीफॉल्ट ‘बंद’ असू शकतं. जीटी ६१० आणि एमबीआर डिस्क तशीच ठेवून अपडेट केलं तर पडदाही जाईल आणि विंडोजही. कार्ड बदललं, डिस्क जीपीटी झाली, सीएसएम आपण बंद केलं, की मग अपडेट. तेव्हा डीफॉल्ट आपल्या बाजूचं असतं.

स्क्रूड्रायव्हर

हे पटलं. मग अपडेटच्या पायऱ्या मी लिहितो.

बोर्डाच्या कोपऱ्यात ‘रेव्ह १.०’ असं काहीतरी छापलेलं असतं, ते वाचून घ्या. गिगाबाइटच्या साइटवर नेमकं तेच मॉडेल आणि तोच रेव्ह निवडा. डीएस३एच आणि डीएस३एच व्ही२ वेगळे बोर्ड आहेत, एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. प्रत्येक आवृत्तीखालची टीप वाचा. जुन्यावरून नव्यावर जाताना मधली एखादी आवृत्ती किंवा वेगळं टूल आधी टाकायला सांगितलेलं असतं, ते सोडून उडी मारू नका. झिप उघडून आतली फाइल (टोकाला एफ आणि आकडा असतो) एफएटी३२ पेनड्राइव्हवर टाका.

बायोसमध्ये एफ८ म्हणजे क्यू-फ्लॅश. तिथूनच करा, विंडोजमधल्या टूलने नको. विंडोज मधेच लटकलं तर चिप अर्धी लिहिलेली राहते. पीसी यूपीएसवर हवा, आणि यूपीएस भार धरतो का ते आदल्या दिवशी प्लग काढून पाहा. लिहून झाल्यावर मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं, रॅम नव्याने जुळवली जाते, पडदा मिनिटभर काळा असतो. या वेळात पॉवर बटणाला हात लावायचा नाही. बरेच बोर्ड इथेच मरतात, ‘अडकलं वाटतं’ म्हणून बटण दाबून. मेलेला बोर्ड वाचतो. बायोसच्या चिपला बाहेरून प्रोग्रामर लावून फाइल परत लिहितात. पण ते चिपची कामं करणाऱ्याकडचं काम.

पोहेजिलबी

मधेच विचारतो. मुलाच्या एचपी लॅपटॉपवर पेनड्राइव्हने नवीन विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाहीये. इंटेल ११व्या पिढीचा प्रोसेसर. बायोसमध्ये काय बदलू?

मीटरवाला

बायोसमध्ये काही न बदलता होईल. ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असतं, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज, म्हणजे आरएसटी ड्रायव्हर एचपीच्या साइटवरून घ्या, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि डिस्क निवडायच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ने तो फोल्डर दाखवा. चालू असलेल्या विंडोजवर व्हीएमडी बंद करू नका, निळा पडदा येईल.

एचपीला एस्केप टकटक, मग एफ१० बायोस, एफ९ बूट मेनू. डेलला एफ२ आणि एफ१२. लेनोव्होच्या थिंकपॅडला एफ१, आयडियापॅडला एफ२ किंवा कडेच्या बारीक भोकातलं नोव्हो बटण. असुस एफ२, एसर एफ२. आणि कुठल्याही लॅपटॉपवर सिक्युअर बूट किंवा टीपीएमला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा. होम आवृत्तीतही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने ते चालू असू शकतं, आणि बदल झाल्यावर विंडोज ती की मागतं. लॅपटॉपच्या बायोसला पासवर्ड घालत असाल तर तो लिहून ठेवा. सेल काढून तो जात नाही, वेगळ्या चिपमध्ये असतो.

कियोस्कताई

सेल बदलला, घड्याळ आता टिकतंय. जीटी १०३० लावलं, खूण पाहून घेतलं. डी बाहेर काढून व्हॅलिडेट पास, कन्व्हर्ट झालं, सीएसएम बंद, बायोस मोड यूईएफआय. अपडेटही झालं. आता तीन गोष्टी अडल्यात.

अपडेटनंतर पहिल्यांदा चालू करताना काळ्या पडद्यावर एफटीपीएमबद्दल इंग्रजी मजकूर आलाय, वाय दाबा किंवा एन दाबा म्हणतो. पीसी तिथेच थांबवून ठेवलाय. दुसरं, अपडेटच्या आधी सिक्युअर बूट ‘एनेबल्ड’ केलं होतं, खाली मात्र ‘नॉट ॲक्टिव्ह’ दिसत होतं. तिसरं, लाइट आल्यावर चालू होण्याचं सेटिंग सापडत नाही.

रामबागकर

वाय दाबा. एफटीपीएममधल्या जुन्या किल्ल्या पुसून नव्या घ्यायच्या का, एवढंच तो विचारतोय. तुमचं विंडोज होम आजवर टीपीएमशिवायच चालत होतं, म्हणजे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नाही, त्यामुळे जाण्यासारखं काही नाही. बिटलॉकर असलेल्याने मात्र आधी ४८ आकडी की हातात घेऊन मगच वाय दाबावं. की नसेल तर एन. विंडोजचा पिन परत बनवावा लागेल कदाचित, पासवर्डने आत जाता येतं.

मग बायोसमध्ये सेटिंग्ज, मिसलेनियस, ‘एएमडी सीपीयू एफटीपीएम’ एनेबल्ड आहे ना ते पाहा. जुन्या बायोसमध्ये हेच ‘पेरिफेरल्स’खाली असायचं, म्हणून व्हिडिओतली वाट जुळत नाही. विंडोजमध्ये ‘टीपीएम.एमएससी’ चालवल्यावर स्पेसिफिकेशन २.० दिसायला हवं.

‘नॉट ॲक्टिव्ह’ म्हणजे किल्ल्या भरलेल्या नाहीत. बूट, सिक्युअर बूट, तिथे ‘सिक्युअर बूट मोड’ स्टँडर्डवरून कस्टम करा आणि परत स्टँडर्ड. फॅक्टरी किल्ल्या भरू का असं विचारतो, हो म्हणा. लगेच रीसेट करू का विचारलं तर तिथे नाही म्हणून एफ१०ने बाहेर या. परत आत गेल्यावर ‘ॲक्टिव्ह’ दिसेल.

मीटरवाला

लाइटचं: सेटिंग्ज, प्लॅटफॉर्म पॉवर, ‘एसी बॅक’. ‘ऑलवेज ऑन’ केलं की सकाळी भिंतीवरचं बटण दाबताच पीसी चालू होईल. ‘मेमरी’ म्हणजे लाइट जाताना जसा होता तसा. तुम्ही रात्री नीट शटडाऊन करून बटण बंद करता, त्यामुळे ‘मेमरी’त तो सकाळी बंदच राहील. तुम्हाला ‘ऑलवेज ऑन’ हवं. पण यूपीएसशिवाय ते ठेवू नका. लाइट दोन मिनिटांत तीनदा आली-गेली तर पीसी तीनदा उठतो आणि तीनदा विंडोजच्या मध्यावर पडतो. एसएसडीला आणि एसएमपीएसला तेच सर्वांत वाईट.

रॅमचं राहिलं. बायोसच्या ‘ट्वीकर’ पानावर ‘एक्सएमपी’ (पट्टीवर छापलेला वेग लावणारी सोय) प्रोफाइल १ केलं की ३२०० होईल, व्होल्टेज आपोआप १.३५ होतं. त्यानंतर मशीन दोन-तीनदा चालू-बंद होऊन परत २४००वर आलं तर दोन पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीयेत. त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का बघा, आणि तरी नाही तर हाताने २९३३ ठेवा. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ची एक पूर्ण फेरी दुकान बंद असताना लावून द्या. एकही चूक निघाली तर वेग खाली आणा, कारण स्कॅन आणि फॉर्मच्या फाइली त्याच रॅममधून जातात.